अपस्मार आणि सुईचें औषध

आमचें पिंपळगांव बसवंत हें निफाड तालुक्यांतील बाजारपेठेचें गांव. मुंबई-आग्रा रस्त्यानें जाणाऱ्या प्रवाशाला तें द्राक्षांमुळें, टोमॅटोमुळें आणि विशेषतः कांद्यामुळें ठाऊक असतें. कांद्याचा भाव चढला काय आणि उतरला काय, त्याची झळ तुमच्या घरांत पोंचते, म्हणून त्याविषयीं तुम्हीं पुष्कळ ऐकलें असेल. परंतु या कांद्याचा आणखी एक उपयोग आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, आणि तो केवळ खेड्यापुरता आहे असें शहरांतील श्रोत्यांनीं समजूं नये. रस्त्यांत कोणाला फेफरें आलें, कीं गर्दींतून आवाज उठतो, "कांदा आणा, कांदा हुंगवा!" कांदा न मिळाल्यास पायांतील वहाण पुढें येते, आणि मुठींत किल्ल्यांचा जुडगा कोंबणारा एखादा निघतोच. या कांद्यापासून डॉक्टरांच्या हातांतील सुईपर्यंत आपण कसे आलों, तो इतिहास मला आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

मी शाळामास्तर. वैद्यकीचें शिक्षण मीं घेतलेलें नाहीं. तथापि सन १९९३ मधील एका सकाळीं माझ्या वर्गांत जें घडलें, त्यानें मला हा विषय वाचावयास लावला. सातवीच्या वर्गांत गणिताचा तास चालू असतां एक मुलगी एकाएकीं किंचाळून बाकावरून खालीं पडली. सर्वांग ताठ झालें, मग हातपाय झडूं लागले, तोंडाला फेंस आला. कोणी कांदा आणावयास धांवलें. कोणी तिचे हात दाबून धरले. दांतखीळ बसून जीभ तुटेल या भीतीनें मीं स्वतः डब्यांतील चमचा तिच्या दांतांत घातला. चमच्यानें जीभ वांचली नाहीं; पुढचा एक दांत मात्र तुटला. ती चूक माझी होती, आणि तिचें समर्थन मीं कधीं केलेलें नाहीं.

झटके थांबत ना, म्हणून आम्ही तिला एका जीपगाडींत घालून दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ झाला?" आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. वर्गाच्या भिंतीवर घड्याळ होतें. परंतु इतक्या माणसांत एकानेंहि त्याच्याकडे पाहिलें नव्हतें. डॉक्टरांनीं शिरेंत सुई घातली आणि औषध अगदीं हळूहळू सोडावयास आरंभ केला. ती संथ गति आम्हांला सोसेना. मीं म्हटलें, "डॉक्टरसाहेब, जरा लवकर करा." ते नजर न काढतां म्हणाले, "गुरुजी, घाई करण्याची वेळ वर्गांत होती. आतां सावकाश करण्याची वेळ आहे."

श्रोतेहो, अपस्मारावरील सुईच्या औषधाचा साराच इतिहास या दोन वाक्यांत सांठवलेला आहे, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. पोंचण्याची घाई आणि देण्याचा सावकाशपणा, या दोन्ही गोष्टी माणसाला शिकावयास शेंकडों वर्षें लागलीं.

या रोगाचें ज्ञान आपल्याकडे फार जुनें आहे. चरकसंहितेंत निदानस्थानाचा आठवा आणि चिकित्सास्थानाचा दहावा अध्याय अपस्मारालाच वाहिलेले आहेत. त्यांत वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले आहेत. आजच्या शास्त्राला तें वर्गीकरण मान्य नसलें, तरी इतर रोगांप्रमाणें यालाहि निदान आहे व चिकित्सा आहे ही भूमिका महत्त्वाची आहे. तिकडे ग्रीस देशांतहि लोक याला देवाचा कोप मानीत. इसवी सनापूर्वीं सुमारें चारशें वर्षें हिपोक्रेटिसच्या नांवावर असलेल्या एका ग्रंथानें बजाविलें, कीं हा रोग इतर कोणत्याहि रोगाहून अधिक पवित्र नाहीं, आणि त्याचें मूळ मेंदूंत आहे. म्हणजे जाणत्यांनीं दोन हजार वर्षांपूर्वींच याला शरीराचा रोग म्हटलें होतें. तरीहि घरोघरच्या समजुतींत भूत, करणी आणि अंगांत येणें यांचेंच राज्य राहिलें. असें कां व्हावें? मला वाटतें, याचें कारण अज्ञानाइतकेंच औषधाच्या अभावांतहि आहे. ज्या रोगावर औषध नाहीं, त्याच्या वाट्याला देवऋषीच येणार.

पहिलें खरें औषध सांपडलें तें चुकीच्या वाटेनें. सन १८५७ मध्यें लंडनच्या वैद्यांच्या एका सभेंत सर चार्ल्स लोकॉक यांनीं पोटॅशियम ब्रोमाइड या क्षारानें कांहीं स्त्रियांचे झटके थांबल्याचें सांगितलें. रोगाच्या कारणाविषयींची त्यांची कल्पना साफ चुकीची होती. औषध मात्र लागूं पडलें. पुढें अर्धशतकाहून अधिक काळ ब्रोमाइडच चालू राहिलें. त्यानें झटके कमी होत, परंतु रोगी सुस्त होई, अंगावर पुटकुळ्या उठत आणि बुद्धि मंदावे. सन १९१२ मध्यें जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील एक तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनीं झोपेसाठीं निघालेलें फेनोबार्बिटल हें नवें औषध आपल्या रोग्यांना दिलें, आणि झोपेबरोबर झटकेहि आवरतात असें त्यांना आढळलें. गार्डिनल या नांवानें आपल्याकडील जुन्या पिढीला ठाऊक असलेली बारीकशी गोळी ती हीच. शंभर वर्षें उलटून गेलीं तरी ती अद्याप निवृत्त झालेली नाहीं.

तिसरा टप्पा सन १९३८ चा. फेनिटॉइन हा पदार्थ हाइनरिख बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९०८ सालींच बनविला होता. परंतु त्यानें झोंप येत नाहीं म्हणून तो निरुपयोगी समजून बाजूला पडला. बोस्टन येथील मेरिट आणि पटनम या दोन डॉक्टरांनीं मांजरांना विजेचा सौम्य धक्का देऊन कोणत्या औषधानें झटका आवरतो याची पद्धतशीर पारख केली, आणि तेव्हां हा टाकाऊ पदार्थ पहिल्या ओळींत येऊन बसला. झटका थांबविण्यासाठीं माणसाला गुंगींत ठेवावें लागत नाहीं, हा या शोधाचा खरा अर्थ. अपस्माराचा मुलगा शाळेंत बसून गणित सोडवूं शकतो, ही गोष्ट त्या शोधानें शक्य झाली.

परंतु या साऱ्या गोळ्या झाल्या. ज्याचे दांत आवळलेले आहेत आणि शुद्ध हरपलेली आहे त्याला गोळी गिळवितां येत नाहीं. बळेंच घातली तर ती श्वासनलिकेंत जाण्याचा धोका. तेथें सुईच पाहिजे. औषध त्वचेखालीं घालण्याची पोकळ सुई आणि पिचकारी सन १८५३ मध्यें एडिंबरोचे अलेक्झांडर वुड व फ्रान्समधील शार्ल प्राव्हाझ यांनीं जवळजवळ एकाच वेळीं प्रचारांत आणली. म्हणजे सुई ब्रोमाइडहूनहि चार वर्षांनीं वडील. परंतु झटक्यावर शिरेंतून देण्याजोगें विश्वासाचें औषध मिळण्यास आणखी शतक जावें लागलें. फेनिटॉइन सुईनें देऊन झटके आवरल्याचा वृत्तांत सन १९५६ मध्यें प्रसिद्ध झाला. सन १९६५ मध्यें फ्रान्समधील मार्सेय येथील आंरी गास्तो व त्यांचे सहकारी यांनीं डायझेपाम हें औषध शिरेंतून दिल्यास न थांबणारे झटके थोड्या मिनिटांत थांबतात असें दाखवून दिलें. तेव्हांपासून आजपर्यंत उपचाराचा क्रम बहुधा तोच आहे. पहिलें औषध त्या वर्गांतील, झटका तत्काळ मोडणारें. आणि त्याचा अंमल उतरण्यापूर्वीं दुसरें, तो परत येऊं नये म्हणून.

येथें एक प्रश्न कोणीहि विचारील. मग कांदा हुंगविल्यावर माणूस शुद्धीवर येतो तो कसा? याचें उत्तर सोपें आहे आणि तें समजलें म्हणजे अर्धी लढाई जिंकली. बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत आपोआपच थांबतात. कांदा शोधून, फोडून, नाकाशीं आणीपर्यंत तेवढा वेळ जातोच. झटका थांबतो स्वतःच्या नियमानें आणि श्रेय मिळतें कांद्याला. याच कारणानें, झटका थांबून रोगी निपचित पडल्यावर "डॉक्टर, एक सुई टोचाच" असा जो आग्रह नातेवाईक धरतात तोहि व्यर्थ असतो. जो झटका थांबला त्याला थांबविण्यासाठीं औषध कशाला? सुईचें काम आहे तें न थांबणाऱ्या झटक्यासाठीं.

न थांबणारा म्हणजे किती वेळ न थांबणारा? पूर्वीं वैद्यकांत ही मर्यादा तीस मिनिटांची मानीत. पुढें लक्षांत आलें कीं अर्धा तास वाट पाहणें म्हणजे मेंदूच्या पेशी जळूं देणें होय. म्हणून सन २०१५ मध्यें अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघानें दोन वेळा ठरवून दिल्या. हातपाय झडणारा मोठा झटका पांच मिनिटांत न थांबल्यास उपचार सुरू झाला पाहिजे. आणि तीस मिनिटांपुढें कायमच्या इजेचा धोका आहे. आमच्या भिंतीवरील ज्या घड्याळाकडे कोणीं पाहिलें नाहीं, त्याचें मोल मला हें वाचतांना कळलें.

आतां दुसरी बाजू, सावकाशपणाची. फेनिटॉइन पाण्यांत सहज विरत नाहीं. म्हणून त्याचें सुईचें द्रावण अतिशय क्षारयुक्त ठेवावें लागतें. तें शिरेबाहेर पाझरलें तर हात सुजून जांभळा पडतो व मांस दुखावतें. ग्लुकोजच्या पाण्यांत मिसळल्यास त्याचे स्फटिक बनतात, म्हणून तें मिठाच्या पाण्यांतूनच द्यावें लागतें. दंडांत किंवा कुल्ल्यांत टोचलें तर तें नीट शोषलें जात नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें असें, कीं भरभर सोडल्यास रक्तदाब उतरतो व हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणून प्रौढ माणसाला मिनिटास ५० मिलिग्रॅमपेक्षां अधिक वेगानें तें देऊं नये असा दंडक आहे. मास्तराच्या खोडीप्रमाणें मी येथें एक उदाहरण घालतों. वजनाच्या प्रत्येक किलोला २० मिलिग्रॅम या हिशेबानें ६० किलो वजनाच्या माणसाला १२०० मिलिग्रॅम औषध लागेल. तें मिनिटास ५० प्रमाणें सोडल्यास किती वेळ लागेल? उत्तर : २४ मिनिटें, आणि तीं कमींत कमी. तितका वेळ डॉक्टरांची नजर हृदयाच्या आलेखावर, रक्तदाबावर आणि श्वासावर असली पाहिजे. ज्या दवाखान्यांत हें पाहण्याची सोय नाहीं तेथें हें औषध द्यावयाचें नसतें. हा हिशेब श्रोत्यांनीं घरीं करून पाहण्यासाठीं नव्हे, तर डॉक्टरांच्या सावकाशपणावर रागावूं नये म्हणून सांगितला. ही अडचण कमी करण्यासाठीं फेनिटॉइनचेंच पाण्यांत विरणारें रूप, फॉस्फेनिटॉइन, सन १९९६ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. तें शिरेला सौम्य आहे, परंतु हृदयावर नजर त्यालाहि लागते.

डायझेपामच्या जातीच्या औषधांनीं श्वास मंदावतो, ही भीति खरी आहे. या भीतीनें पुष्कळ दिवस गाडींतील सेवकांना तीं देऊं देत नसत. परंतु अमेरिकेंतील सान फ्रान्सिस्को येथें झालेल्या आणि सन २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेनें नवलाची गोष्ट उघड केली. रुग्णवाहिकेंतच ज्यांना औषध दिलें त्यांच्यापैकीं शेंकडा सुमारें दहा जणांना श्वासाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास झाला. ज्यांना औषधाऐवजीं नुसतें पाणी टोचलें त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा बावीसहून अधिक निघालें. म्हणजे औषधापेक्षां चालूं दिलेला झटका श्वासाला अधिक घातक! सन २०१२ मध्यें अमेरिकेंतीलच दुसऱ्या परीक्षेनें दाखविलें, कीं शीर शोधीत बसण्यापेक्षां मिडाझोलाम हें औषध मांडीच्या स्नायूंत टोचणें अधिक फलदायी ठरतें. रुग्णालयांत पोंचेपर्यंत झटका थांबलेला असण्याचें प्रमाण त्या रीतीनें शेंकडा ७३ आलें, शिरेंतून लोराझेपाम देण्याच्या रीतीनें ६३. झडणाऱ्या हाताची शीर धांवत्या गाडींत सांपडत नाहीं, एवढाच त्याचा साधा अर्थ. पहिल्या औषधाला दाद न देणाऱ्यांसाठीं फॉस्फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटॅम यांची तुलना सन २०१९ मध्यें प्रसिद्ध झाली. तिघांचेंहि यश जवळजवळ सारखेंच, निम्म्याच्या आसपास, ठरलें. म्हणून सुईचें औषध कितीहि सुधारलें तरी तें रामबाण नव्हे, हें विसरूं नये.

आतां आपल्या मराठी मुलुखाकडे वळूं. मुंबईंतील पारशी वसाहतींत सुमारें चौदा हजार माणसांची पाहणी करून भरुचा पितापुत्र व त्यांचे सहकारी यांनीं सन १९८८ मध्यें दाखविलें, कीं हजारीं जवळजवळ पांच जणांना हा रोग केव्हांना केव्हां झालेला असतो. साऱ्या भारतांतील पाहण्या एकत्र करून सन १९९९ मध्यें काढलेला आंकडाहि हजारीं साडेपांचच्या जवळ आहे, आणि त्यांत खेडें व शहर, स्त्री व पुरुष असा म्हणण्याजोगा भेद नाहीं. म्हणजे सहाशें मुलांच्या शाळेंत तीनएक मुलें असावयाचींच. माझ्या साऱ्या नोकरींत तीं माझ्यासमोर बसलीं असलीं पाहिजेत. मला ठाऊक झालीं तीं मात्र एकदोनच. बाकीचीं कोठें गेलीं? तीं लपविलीं गेलीं.

तीं कां लपविलीं गेलीं, हें सांगण्यासाठीं मला कायद्याचें एक पान उलटावें लागेल. सन १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं दुरुस्ती झाली. वारंवार वेडाचे अथवा अपस्माराचे झटके येत असलेल्या व्यक्तीचा विवाह रद्द ठरवितां येईल, अशी अट त्या दुरुस्तीनें आली. वेड आणि अपस्मार हे दोन शब्द कायद्यानेंच एका दावणीला बांधले. डॉक्टर सांगत होते, हा बरा होण्याजोगा मेंदूचा विकार आहे. आणि कायदा सांगत होता, हें लग्नास अपात्र करणारें वैगुण्य आहे. घरोघरीं कोणाचें ऐकलें गेलें असेल तें सांगावयास नको. हा शब्द सन १९९९ च्या दुरुस्तीनें गाळला गेला. आज अपस्मार एवढ्याच कारणानें विवाह रद्द होत नाहीं. परंतु कागदावरून पुसलेला शब्द मनांतून पुसला जावयास वेळ लागतो.

आतां त्या १९९३ च्या सकाळीं परत येतों. मुलीचे झटके थांबले, ती गाढ झोंपली, आणि डॉक्टरांनीं तिच्या वडिलांना बाजूला घेतलें. मुलीला तीन वर्षांपासून हा विकार होता, गोळी चालू होती आणि तिनें झटके पूर्ण थांबलेले होते. दीड महिन्यापूर्वीं थोरल्या बहिणीला पाहावयास पाहुणे येणार म्हणून फडताळांतील गोळ्यांची बाटली उचलून माळ्यावर ठेवली गेली. पाहुणे आले, चहापोहे झाले, पाहुणे गेले. बाटली माळ्यावरच राहिली. मुलगी बरी दिसत होती, म्हणून कोणाला तिची आठवणहि झाली नाहीं. न थांबणाऱ्या झटक्याचीं जीं कारणें आहेत, त्यांत गोळी एकाएकीं बंद होणें हें एक फार मोठें कारण आहे. ते गृहस्थ मान खालीं घालून एवढेंच म्हणाले, "गुरुजी, शाळेंत सांगितलें असतें, तर नांव झालें असतें." त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नव्हता. मीहि चमचा घेऊन उभा होतोंच.

त्या दिवशीं सुईनें तिचा जीव वांचविला, यांत शंका नाहीं. परंतु सुईची गरज कां पडली? गोळी लपवावी लागली म्हणून. सुई ही आग विझविणाऱ्या बंबासारखी आहे; तो गांवांत असलाच पाहिजे, पण घर सांभाळतो तो रोजचा चुलीजवळचा सावधपणा. औषधें नियमानें घेतल्यास अपस्मार असलेल्यांपैकीं शेंकडा सत्तरांपर्यंत लोक झटक्यांवांचून जगूं शकतात असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करूं नये, चुकवूं नये, आणि प्रवासाला जातांना ती सामानांत आधीं ठेवावी.

निरोप घेण्यापूर्वीं, जें मला १९९३ सालीं ठाऊक नव्हतें तें तुम्हांला सांगून ठेवतों. झटका आला कीं प्रथम घड्याळ पाहा. माणसाला कुशीवर करा, डोक्याखालीं मऊ कांहींतरी सरकवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, आसपासच्या टोंचणाऱ्या वस्तू दूर सारा. हातपाय दाबून धरूं नका. दांतांत चमचा, बोट, पाणी, औषध, कांहींहि घालूं नका. कांदा स्वयंपाकघरांतच राहूं द्या. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं, किंवा शुद्धीवर न येतां दुसरा आला, किंवा स्त्री गरोदर असली, किंवा मार लागला, तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ही सोय महाराष्ट्रांत सन २०१४ पासून आहे. ज्यांना वारंवार दीर्घ झटके येतात त्यांच्या घरीं डॉक्टर नाकांत फवारावयाचें मिडाझोलाम देऊन ठेवतात. तें कसें व केव्हां वापरावयाचें हें त्यांच्याकडून आधींच शिकून घ्यावें. शिरेंतील सुई मात्र डॉक्टरांच्याच हातीं शोभते, आणि ती ते सावकाश देत असतील तर त्यांना देऊं द्या.

ती मुलगी पुन्हां शाळेंत आली तेव्हां तिच्या गोळीची वेळ मीं माझ्या हजेरीपटाच्या मागच्या पानावर लिहून घेतली होती. सहलीला निघालों, कीं मी हळूच विचारीत असें, "घेतलीस ना?" ती मान हालवी. तुटलेल्या दातामुळें हसतांना ओठ मिटून घेण्याची तिला संवय लागली होती. दहावीचा निकाल घेऊन ती घरीं पेढे द्यावयास आली, त्या दिवशीं मात्र ती ओठ न मिटतां हसली.